दहा वावरांची सोडत

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. पारोळा तालुक्यात माझ्या आतेभावाच्या वावरात कपाशीचा पीक कापणी प्रयोग होता, म्हणजे वावरातला एक तुकडा दोरीने आखून तेवढ्यातलं पीक तोलायचं. पहिली वेचणी व्हायची होती. तलाठी आप्पा (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात ते आप्पाच) वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहिले, हातातल्या कागदावरचे दोन आकडे वाचले आणि पावलं मोजत निघाले. तेवढी पावलं लांबीकडे, तेवढी रुंदीकडे. ते जिथे थांबले तिथे बरड होतं. जमीन उघडी, कपाशी गुडघ्याएवढी, बोंडं मोजून सात-आठ.

आतेभावाचा चेहरा पडला. "आप्पा, तठे काय शे? आठे या, आठली कपाशी देखा!" म्हणून तो त्यांना हाताला धरून विहिरीकडच्या काळ्या पट्ट्यात न्यायला लागला. चारचौघांत आपल्या वावराची बरड जागा मोजली जाणं कुठल्या शेतकऱ्याला आवडेल? तेवढ्यात त्याचा धाकटा मुलगा, जळगावात शिकणारा, पुढे झाला आणि बापाच्या कानात काहीतरी पुटपुटला. विमा हा शब्द मला ऐकू आला. आतेभाऊ थबकला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आप्पा, तठेच मोजा."

आप्पांनी दोघांचंही ऐकलं नाही. आकड्यांनी नेलं होतं तिथेच खुंटी ठोकली आणि दोरी लावली. पलीकडून काळी जमीन बोलावत असताना बरडात खुंटी ठोकणं सोपं नसतं, आणि उद्या आकडे काळ्या जमिनीत घेऊन गेले तर तिथून हटून न बसणंही सोपं नसतं.

मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. 'सरल यादृच्छिक नमुना निवड' हा धडा दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि मुलं दरवर्षी 'यादृच्छिक' या शब्दाला अडखळायची. पण खरी अडचण उच्चाराची नव्हतीच. आपल्याकडे 'रँडमली' म्हणजे 'कुठूनही, सापडेल तसं' असा अर्थ रुजलाय. धडा नेमका याच्या उलट सांगतो. यादृच्छिक निवडीत सापडेल त्याला जागा नाही. आधी यादी करायची, यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी द्यायची, आणि मग निवड आकड्यांच्या हवाली करून आपण हात मागे घ्यायचे. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्याने सांगितलेलं शेत गावापासून चार किलोमीटरवर असलं, मालक भांडकुदळ असला, ओढ्यात पाणी असलं, तरी तिथेच जायचं. सोयीने जिथे जातो त्याला सोयीचा नमुना म्हणतात. त्याचेही उपयोग आहेत, पण त्याचं नाव लपवायचं नसतं.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय, तर माझीही एक कबुली. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध माझ्या सहीने गेला. त्यात लिहिलं होतं, 'शंभर शेतकऱ्यांची यादृच्छिक निवड करण्यात आली'. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने सहज सांगितलं की सगळे शंभर त्याला बाजार समितीच्या आवारात, दोन दिवसांत भेटले. म्हणजे ज्यांच्याकडे त्या आठवड्यात विकायला माल होता, भाड्याचं वाहन परवडत होतं आणि कॉलेजच्या मुलाशी बोलायला वेळ होता असे शंभर. ज्याच्या घरी माल उतरलाच नाही तो त्या प्रबंधात येणार कुठून? मी ते वाक्य बदलून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. प्रबंध ग्रंथालयात आहे, आणि त्यातली टक्केवारी वाचणारा ती जिल्ह्याची म्हणूनच वाचेल.

प्रबंधाने कुणाच्या ताटातली भाकरी जात नाही. पीक कापणीने जाते. म्हणून हा प्रश्न आता वर्गातला राहिलेला नाही.

2016 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. आपल्याकडे बहुतेक पिकांसाठी विम्याचा घटक महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट, आहे. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीम स्तराने (पिकाला ठरवून दिलेल्या टक्केवारीने) गुणायचं, ते झालं उंबरठा उत्पादन. यंदाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या जितके टक्के खाली, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम मंडळातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना. हे यंदाचं उत्पादन ठरतं मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून, आणि मंडळाला असे प्रयोग असतात साधारण दहा. पूर्वी याशिवायही वाटा होत्या. गारपीट झाली, पाणी साचलं की 72 तासांत कळवा, पंचनामा होईल, भरपाई मिळेल. 2025 च्या खरिपात राज्याने योजना बदलली. एक रुपयातला विमा गेला, त्या वाटाही गेल्या, आणि मुख्य भार पीक कापणीवर आला.

त्या 72 तासांच्या वाटेचं मला फारसं दुःख नाही, हेही सांगून टाकतो. ज्याच्या हातात चांगला फोन, ज्याचा मुलगा हुशार, ज्याच्या वस्तीवर रेंज, त्याची तक्रार आधी पोचायची. तोही एक नमुनाच होता, स्वतःहून पुढे आलेल्यांचा. पण ती वाट बुजवल्यावर उरलेला मुख्य पूल किती पक्का आहे हे बघणं सरकारचं काम होतं.

आता एक हिशेब मांडतो. आकडे समजायला घेतलेले आहेत, कुठल्याही मंडळाचे नाहीत. समजा उंबरठा हेक्टरी 8 क्विंटल. दहा वावरांची बेरीज आली 70, म्हणजे सरासरी 7. उंबरठ्यापेक्षा साडेबारा टक्के खाली. विमा रक्कम हेक्टरी 50,000 धरली तर प्रत्येकाला 6,250 रुपये. या दहांत एक बरड वावर होतं, 2 क्विंटलचं. ते लांब होतं म्हणून त्याऐवजी रस्त्याकडेचं, ठिबकवालं, 12 क्विंटलचं घेतलं. बेरीज 80, सरासरी 8. मंडळातल्या एकाही शेतकऱ्याला एक रुपया नाही. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी खोटं वजन लिहिलं नाही. फक्त ऊन होतं आणि गाडी रस्त्याकडेला उभी करणं सोपं होतं.

म्हणून पारावर मी जे ऐकतो त्याचं मला वाईट वाटतं. "मन्हा वावरमा कोणी उनाच नही, आन विमा नामंजूर!" ही तक्रार प्रत्येक गावात आहे. तिच्यातून मागणी निघते सरसकट पंचनाम्याची, प्रत्येक वावर बघा. राजकीय पुढाऱ्यांना ती आवडते, कारण तिच्यात टाळी आहे. मला ती मान्य नाही. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद अशा तीन खात्यांची माणसं मिळून हे प्रयोग करतात, आणि दहा करतानाच त्यांची दमछाक होते. तीच माणसं हजारो वावरं बघायला निघाली तर बांधावरून बघतील, आणि बांधावरून बघणं म्हणजे पुन्हा नजरअंदाज. नजरअंदाजाचा आपल्याला चांगला अनुभव आहे. इंग्रजांच्या काळची आणेवारी (रुपयात किती आणे पीक आलं याचा अंदाज) गेली, पैसेवारी आली, पन्नास पैशांच्या खाली की वर यावर गावाची सवलत ठरू लागली. गावोगावी ती पन्नाशी कशी हलते हे ज्याने पाहिलंय त्याला नजरेवर विसंबायला सांगू नये. तुमच्या वावरात कुणी आलं नाही यात अन्याय नाही. अन्याय असलाच तर ज्यांच्या वावरात गेले ती वावरं कशी ठरली, यात आहे. विचारायचं ते हे.

आणि थोडक्या वावरांवरून खरं उत्पादन काढता येतं, हे काही दिल्लीच्या कचेरीतलं खूळ नव्हे. 1920 च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने भातशेतीत नेमून न दिलेल्या, आकड्यांवर सोडलेल्या जागा कापून उत्पादन काढलं. हाच माणूस पुढे ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला. 1927 मध्ये यादृच्छिक आकड्यांचा पहिला तक्ता छापणारा टिपेट तर मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतला. त्याने ते 41,600 अंक जनगणनेच्या अहवालांमधून उचलले. खान्देशातून गाठी ज्या मँचेस्टरच्या वाटेने जायच्या, तिथूनच हा तक्ता आला म्हणायला हरकत नाही.

पण आपला माणूस म्हणजे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1940 च्या दशकात त्यांचा दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. वाद साधा वाटतो: कापायचा तुकडा केवढा असावा? महालनोबिसांना छोटे तुकडे पसंत होते. खर्च कमी, त्यामुळे संख्या जास्त. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा असला तर उत्पादन फुगतं. का? कारण काठावरचं झाड. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की माणूस ते आत घेतो. लबाडीने नव्हे. भरलेलं झाड सोडवत नाही म्हणून. छोट्या तुकड्यात काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. माझ्या आतेभावाने आप्पांना हाताला धरून काळ्या पट्ट्यात न्यायचा प्रयत्न केला तेव्हा मला सुखात्मेच आठवले. हात चांगल्याकडे जातो. तेवढ्यासाठी तर तक्ता.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण भाताला उकळी फुटलेली असते, शितं खालीवर झालेली असतात. मंडळाला कुणी उकळत नाही. वरचा थर आणि तळ वेगळाच राहतो. व्यापाऱ्याला हे न शिकवता कळतं. कपाशीची गाडी आली की तो वरचा कापूस बघत नाही, कोपरापर्यंत हात आत घालतो.

मग आपली पद्धत कुठे गळते? माझ्या मते सगळ्यात मोठी गळती एका निरुपद्रवी दिसणाऱ्या नियमात आहे. तक्त्याने जो गट नंबर दिला त्यात ते पीक नसेल, तर पुढचा नंबर घ्यायचा. त्यातही नसेल तर त्याच्या पुढचा. वाचायला ठीक वाटतं. आता यावल-रावेरकडचं एक गाव डोळ्यांपुढे आणा. 41 पासून 52 पर्यंत सलग केळी. 53 मध्ये कपाशी, 54 मध्येही कपाशी. तक्त्याने 41 दिला तरी आपण 53 वर पोचणार, 47 दिला तरी 53, 52 दिला तरी 53. आणि खुद्द 53 आहेच. म्हणजे 53 च्या वावराला तेरा चिठ्ठ्या आणि 54 ला एक. आणि हे 53 कसलं वावर? बारा केळीच्या वावरांना लागून असलेलं, म्हणजे पाइपलाइनच्या टप्प्यातलं, खोल मातीचं. पाण्याची कपाशी नमुन्यात हक्कापेक्षा जास्त येते आणि कोरडवाहू कपाशी कमी. कुणी काही केलेलं नाही, नियमानेच केलंय. उपाय इतका सोपा आहे की लाज वाटावी: पीक नसलं तर पुढच्या नंबराला जाऊ नका, तक्त्यातून नवा आकडा काढा.

त्याहून चांगलं म्हणजे आधी फक्त कपाशी असलेल्या गटांची यादी करा आणि तिच्यातूनच काढा. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने फोनवरून आपल्या पिकाची नोंद करायची) आहे, तेव्हा अशी यादी आता अशक्य नाही. पण इथे दुसरा खड्डा. अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर चढून गेलेल्याला माहीत आहे की तिथे फोन हातात असूनही उपयोगाचा असेलच असं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली कसणुकीची जमीन प्रत्येक यादीत नीट चढलेली असेलच असंही नाही. संख्याशास्त्रात याला फार कोरडा शब्द आहे, नमुना चौकट. अर्थ एवढाच: जे यादीत नाही, त्याची निवड होण्याची शक्यता शून्य. सोडत कितीही प्रामाणिक काढा, चिठ्ठीच टाकली नाही तर नाव निघणार कसं? डोंगरातलं उत्पादन मोजलं गेलं नाही तर डोंगर आणि सपाटी एकाच सरासरीत बसतात, आणि ती सरासरी सपाटीची असते.

कपाशीचं आणखी एक. बाजरी एकदा कापली, मळली, तोलली की संपली. कपाशीची वेचणी तीन-तीन, चार-चार वेळा. प्रत्येक वेळी त्याच दोरीतला कापूस वेगळा वेचून तोलायचा असतो. पहिल्या वेचणीला सगळे हजर असतात, विमा कंपनीचा माणूस, सरपंच, फोटो. तिसऱ्या वेचणीला कोण असतं? ज्याच्याकडे पाच गावं आहेत आणि निवडणुकीचं काम मध्येच आलंय तो एकटा माणूस. मी त्याला दोष देणार नाही. पण तिसऱ्या वेचणीचं वजन कागदावर कुठून आलं, हे विचारायचा हक्क मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला हवा.

केळीवाल्यांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांचा विमा हवामानावर. मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने जे तापमान, जो वारा नोंदवला तोच खरा. म्हणजे नमुना एकचा, आणि तोही कधी सोडतीने न निवडलेला. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

उपग्रहाने हे सगळं सुटेल, असं म्हणणारे भेटतात. उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, क्विंटल दिसत नाहीत. हिरवेपणाचे क्विंटल करायला जमिनीवर तोललेला कापूसच लागतो. म्हणजे फिरून पुन्हा आप्पांची दोरी.

बरं, सोडत अगदी चोख झाली असं धरू. दहा पुरतात का? इथे माझ्या शेतकरी मित्रांचं आणि माझं पुन्हा जुळत नाही. ते म्हणतात, दोन हजार वावरांत दहा म्हणजे चेष्टा. नमुन्याची अचूकता एकूण वावरांच्या किती टक्के घेतली यावर फारशी नसते. ती असते वावरा-वावरांत फरक किती आणि नमुना किती, यावर. वरच्याच उदाहरणात वावरांमधला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, 3 क्विंटल धरा. दहाच्या वर्गमुळाने भागा, जवळजवळ 0.95 येतं. म्हणजे कुणीही काहीही लबाडी न करता सरासरी एक क्विंटल इकडे-तिकडे सरकू शकते, आणि आपण पाहिलं की एका क्विंटलमध्ये मंडळाची अख्खी भरपाई उडते. त्यातून प्रत्यक्षात निवड टप्प्याटप्प्याने होते, आधी गावं आणि मग गावात एकेक-दोनदोन वावरं. एका गावची माती, एका गावचा पाऊस सारखा असल्याने ती दहा वावरं दहाइतकं सांगतही नाहीत. प्रयोग चाळीस केले तर चूक निम्म्यावर येते, पण माणसं चौपट लागतात. ती नाहीत.

म्हणून संख्येपेक्षा विभागणीवर भर द्यावा, असं माझं म्हणणं आहे. तापीकाठच्या मंडळात बागायती आणि कोरडवाहू कपाशी एकाच टोपलीत टाकून दहा चिठ्ठ्या काढल्या तर कधी सात बागायती येतील, कधी दोन, आणि निकाल त्यावर ठरेल. दोन टोपल्या करा. प्रत्येकीतून स्वतंत्र काढा, आणि जितकं क्षेत्र तितकं वजन द्या. दहाच प्रयोगांत डळमळ बरीच कमी होईल. तरीही मी दहाऐवजी सोळा मागेन. पण सोळा बिनभरवशाच्या प्रयोगांपेक्षा दहा भरवशाचे मला चालतील.

भरवसा येणार कसा? कागदावर सगळं यादृच्छिकच आहे, पण गावाला कळतं तेव्हा नावं ठरलेली असतात. आणि या खेळातल्या प्रत्येकाचा हात कुठेतरी ओढला जातोय. शेतकऱ्याला उतारा कमी दिसायला हवा, कंपनीला जास्त. शासनाला एका हाताने भरपाई वाटायची असते आणि दुसऱ्याने विक्रमी उत्पादनाचे आकडे मिरवायचे असतात. ज्याला यातल्या कुणाचंच सोयरसुतक नाही असा एकच भिडू आहे, तक्त्यातला आकडा. त्यालाच आपण बंद खोलीत ठेवलाय.

सरपंचपदाचं आरक्षण कसं निघतं ते आठवा. तहसीलमध्ये सगळे जमतात, चिठ्ठ्या सर्वांसमोर घडी करून टाकतात, शाळेतल्या पोराला बोलावून काढायला लावतात. ज्याच्या विरोधात निघतं तोही फार तर नशिबाला दोष देतो. पाच वर्षांच्या खुर्चीसाठी एवढा उघडा कारभार, आणि मंडळभरच्या शेतकऱ्यांच्या विम्याची वावरं मात्र निरोपाने कळणार? माझी मागणी एवढीच. पेरण्या आटोपल्या की मंडळाच्या ठिकाणी, दोन टोपल्यांतून, सर्वांसमोर सोडत. गटांची यादी आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, म्हणजे ज्याचा गट सुटला असेल तो ओरडेल. निघालेले दहा आणि राखीव पाच गट क्रमाने फळ्यावर. वावर बदललं तर कारण लिहून, त्याच फळ्यावर. वावराच्या आतले पावलांचे दोन आकडे मात्र तेव्हा काढायचे नाहीत, नाहीतर मालक नेमक्या त्या जागेला जास्तीचं खत तरी घालेल किंवा पाणी तरी तोडेल. ते दोरी लावायच्या दिवशीच, बांधावर, पंचांसमोर.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत एक इशारा. अमेरिकेत 1 डिसेंबर 1969 ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली. 366 तारखा, प्रत्येक वेगळ्या कुपीत, एका काचेच्या भांड्यातून, टीव्हीवर देशासमोर. नंतर लक्षात आलं की वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर फार लवकर लागलेत. कुप्या महिन्यामहिन्याने टाकल्या होत्या आणि नीट कालवल्या नव्हत्या. डिसेंबरच्या वर राहिल्या, हात वरच गेला. उघड्यावर काढली म्हणून सोडत चोख होतेच असं नाही, पण उघड्यावर काढली म्हणून तर चूक पकडता आली.

हे सगळं मी श्रावणात आतेभावाच्या गावच्या ग्रामसभेत बोललो. दोन टोपल्या, फळा, राखीव गट, कालवणं, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकलं, हे विशेषच. ठराव लिहायला घेतला. 'चिठ्ठी लहान मुलाच्या हस्ते काढण्यात यावी' या ओळीवर सरपंच थांबले आणि म्हणाले, "सर, ते ठीक. पण पोरगं कोणाचं?"

पुढचा पाऊण तास त्यावर गेला. शेवटी बाहेरगावच्या, ऊसतोडीला निघालेल्या टोळीतलं पोर आणायचं ठरलं, पण त्यांच्या जायच्या तारखा आणि सोडतीची तारीख जुळत नाही, म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला.